श्रीखंडाच्या डब्यातला मॅश टन

१२ जानेवारी २०२५, रविवार. बर्मिंगहॅम

घरी बिअर करायच्या भांड्यासाठी डबा ठरला. २६ लिटरचा निळा कूल बॉक्स, आयताकृती, बिजागरीचं झाकण. एरवी जिन्याखाली पडून असतो आणि वर्षातून दोनदा बाहेर निघतो. पाडव्याला आणि गणपतीत, मंडळाच्या कार्यक्रमाला श्रीखंड न्यायला. बायकोला विचारलं. "भोक पाडलंस तर पाडव्याला माझं श्रीखंड कशातून जाणार?" नवीन आणतो म्हटलं. "आधी आण, मग पाड." आणलेला नाही अजून, पण शब्द दिलाय. इथं लिहून ठेवतो म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

हा खटाटोप कशाला? वर्षभर मी डब्यातल्या तयार अर्कावर बिअर करतोय. काकवीसारखा दाट अर्क गरम पाण्यात कालवायचा, गार करायचा, यीस्ट टाकायचं. नाचणी सत्त्वाचं पाकीट आणून पेज करावी तसलं काम. पेज होते, पण नाचणी भिजवली कुणी, मोड कुणी आणले, वाळवून दळली कुणी, याचा आपल्याला पत्ता नसतो. आता दाण्यापासून सुरुवात करायची आहे. मोड आणून भट्टीत वाळवलेला सातू, म्हणजे माल्ट, भरडून घ्यायचा आणि ६६ अंशांच्या आसपास तासभर पाण्यात ठेवायचा. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार झालेली असतात ती पिष्टाची साखर करतात. मग गोड पाणी खालून काढून घ्यायचं, चोथा मागं ठेवायचा. पाण्यात भिजलेल्या भरडीचा हा लगदा म्हणजे मॅश. ऊब धरणं आणि गाळणं ही दोन कामं ज्या भांड्यात होतात तो मॅश टन. दुकानातला स्टीलचा पाहून आलो. त्या पैशात आमचा महिन्याचा किराणा येतो. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पाइप आणि व्हॉल्व यांच्यातच दिवस जातो. एवढं घरी जमायला हवं.

कायद्याचं एकदा लिहून टाकतो, कारण गावाकडून विचारणा झाली. इंग्लंडात १९६३पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. आता स्वतःपुरती खुशाल करावी, विकू नये. धाकटा भाऊ कोल्हापुरातून म्हणाला, "दादा, मलाबी ड्रॉइंग पाठव की." त्याला म्हटलं, गप बस. आपल्याकडं १९४९चा दारूबंदी कायदा आहे, प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि तू घरात गाळत बसणार?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ झाला, मग कागदावर हिशोब.

माल्ट साडेचार किलो. किलोला २.७ लिटर पाणी, म्हणजे १२.१५ लिटर. दाणा पाण्यात गेला की किलोमागं साधारण ०.६७ लिटर जागा व्यापतो, म्हणजे आणखी ३ लिटर. एकूण १५.२. डब्याची आतली मापं ३८ बाय २४, उंची ३० सेंटिमीटर. आरामात बसतं. वर हवा जास्त राहील आणि तेवढी ऊब जाईल, पण याहून लहान डब्यात मोठी बॅच मावणार नाही.

चोथा किलोमागं जवळजवळ एक लिटर पाणी पिऊन बसतो, ते परत मिळत नाही. साडेचार लिटर गेले असंच धरायचं. उकळायला २४ लिटर हवेत, म्हणजे चोथ्यात उरलेली साखर वरून धुवायला १७ लिटर. ते साडेआठ-साडेआठच्या दोन खेपांत ओतायचं, ढवळायचं, काढायचं. मोठ्या ब्रुअरीत वरून फिरत्या नळीनं सतत शिंपतात. मला दोन खेपाच बऱ्या.

गंमत म्हणजे इथल्या ब्रुअरीत या गरम पाण्याला 'लिकर' म्हणतात. पाण्याला पाणी म्हटलेलं तिथं खपत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

भोक पाडलं. २२ मिलिमीटरचा होल सॉ, तळापासून दोन सेंटिमीटर वर. बाहेरची भिंत सहज कापली गेली. मग तीन सेंटिमीटर फोम, त्याचा पांढरा भुगा स्वयंपाकघरभर. मग आतली भिंत. ती बाहेरच्यापेक्षा पातळ आहे, हे भोक पडल्यावर कळलं.

फिटिंग सगळं स्टीलचं घेतलं. अर्ध्या इंची निपल (दोन्हीकडं आटे असलेली आखूड नळी), दोन नट, सिलिकॉनचे वॉशर, बाहेरून बॉल व्हॉल्व. पितळ स्वस्त पडलं असतं, पण पितळात थोडं शिसं असू शकतं आणि आत जाणार आहे ते गरम, किंचित आंबट पाणी. तिथं काटकसर नको.

नट आवळायला घेतला आणि आतली भिंत पापडासारखी वाकली. दोन भिंतींच्या मधे फक्त फोम, तो दाब घेतच नाही. आवळू तितका वाकतो, सैल सोडू तितकं गळणार. पाना खाली ठेवला आणि चहा केला.

१९ जानेवारी, रविवार

कारखान्यात पातळ पत्र्याला पंप बसवताना मधे स्लीव्ह घालतात. रात्री झोपताना आठवलं. २८ मिमी तांब्याच्या पाइपचा ३१ मिमी लांब तुकडा कापला, कडा कानशीनं घासल्या. बाहेरच्या भिंतीचं भोक २९पर्यंत वाढवलं, तुकडा आत सरकवला, तो आतल्या भिंतीला जाऊन टेकला. निपल त्याच्या पोटातून. बाहेरून मोठा वॉशर. आता नट आवळला की दाब तांब्यावर जातो, भिंत जागची हलत नाही. व्हॉल्वच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात वेढे.

पाणी भरून तासभर ठेवला. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. कोरडं.

पलीकडचे आजोबा कुंपणावरून बघत होते. ऐंशीच्या पुढचे, निवृत्त टूलमेकर. ते म्हणाले, आम्ही बादलीला गोधडी गुंडाळून करायचो, भोकबीक काही नाही. बिअर कशी व्हायची विचारलं. "गरम असताना बरी लागायची," म्हणाले.

२५ जानेवारी, शनिवार

आतल्या गाळणीसाठी सगळ्यात स्वस्त उपाय वापरला. बेसिनखाली नळाला जोडतात ती स्टीलच्या विणीची लवचीक नळी. दोन्ही टोकं कापली, आतली रबरी नळी ओढून काढली, नुसती वीण राहिली. एक टोक दुमडून बंद, दुसरं निपलला क्लिपनं. वीस मिनिटांचं काम. फार सोपं वाटलं, तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग उष्णतेची चाचणी. आधी थर्मामीटर तपासला. बर्फाच्या चुऱ्यात ०.२ दाखवतो. चालेल. डब्यात १२ लिटर पाणी ७४ अंशांचं ओतलं. पाच मिनिटांत ७१.१. डब्यानं स्वतःला गरम करून घ्यायला तीन अंश खाल्ले. झाकण लावून तासाभरानं ६७.८. म्हणजे आणखी ३.३ गेले. फार आहे. झाकणावर हात ठेवला तर कोमट लागत होतं. टिचकी मारली, पोकळ आवाज आला. झाकण रिकामं आहे! भिंतीत फोम आणि झाकणात नुसती हवा. थंड गोष्टींसाठी ते चालतं, गारवा खाली बसतो. आपल्याला ऊब धरायची आहे आणि ती वर जाते.

१ फेब्रुवारी, शनिवार

झाकणाच्या आतल्या कडेला पाच ठिकाणी ६ मिमीची भोकं पाडून खिडकीच्या चौकटीत भरतात तो फुगणारा फोम मारला. जरा जास्तच मारला. अर्ध्या तासानं भोकांतून पिवळे कोंब बाहेर आले, पावसाळ्यात कुंपणावर अळंबी येते तसे. वाळल्यावर सुरीनं छाटले, भोकांवर सिलिकॉन.

पुन्हा चाचणी. आधी दोन किटल्या उकळतं पाणी घालून दहा मिनिटं डबा तापवला, ते ओतून दिलं. मग १२ लिटर. तासात १.२ अंश. पुरे झालं. सव्वा अंशानं माझी बिअर बिघडणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली बिअर. दिवसभराची नोंद, कारण दिवस गेलाच.

साधी इंग्लिश बिटर, म्हणजे कडवट बिअर. मॅरिस ऑटर ४.२ किलो, क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम, दुकानातूनच भरडून आणलेलं. मॅरिस ऑटर हे साठच्या दशकात केंब्रिजला तयार झालेलं सातूचं वाण. त्याहून जास्त उतारा देणारी वाणं नंतर पुष्कळ आली, पण चवीसाठी लोकांनी याला सोडलं नाही. आमच्याकडं जोंधळ्यात मालदांडीचं जे आहे ते इथं याचं. कोरडा दाणा तोंडात टाकून पाहिला. भाजलेल्या डाळ्यासारखा, मागून गोड.

पाण्याचं तापमान: दाणा १६ अंशांवर, हवेत ६६. फरक ५०. ०.४१ भागिले २.७ गुणिले ५०, म्हणजे ७.६. त्यात ६६ मिळवले, ७३.६. डबा आधी तापवलेला. पाणी आधी, दाणा हळूहळू वरून, ढवळत. पिठल्यात बेसन सोडावं तसं, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटातलं पीठ कोरडंच राहतं. स्थिर झाल्यावर ६६.४. एवढं नेमकं येईल असं वाटलं नव्हतं.

वास कसा सांगू? सकाळी शेजारच्या घरात गव्हाची खीर शिजतेय आणि आपल्याला बोलावलेलं नाही, तसा.

एक तासानं पांढऱ्या बशीत चमचाभर पाणी घेऊन आयोडिनचा थेंब. पिष्ट उरलं असेल तर निळंकाळं होतं. सातवीत बटाट्यावर केला होता हा प्रयोग. रंग तपकिरीच राहिला. म्हणजे साखर झाली. बशीतलं मोरीत ओतलं, आयोडिनचं पाणी परत भांड्यात घालायचं नसतं.

इथवर सगळं सरळ. ११.४०ला नळ उघडला. पूर्ण. धार आली जोरात, गढूळ, मी खूश. दोन लिटरनंतर धार बारीक झाली. तीन लिटरवर थेंब थेंब. मग तेही बंद.

नळ बंद केला, उघडला. काही नाही. पळीनं ढवळलं, लिटरभर आलं, परत बंद. पळी तळाला घासली तेव्हा कळलं, वीण चपटी झालीय. रबर काढून टाकल्यावर तिच्यात धरून ठेवणारं काही राहिलंच नव्हतं. वर सगळा लगदा, त्यात माझी पळी.

बायको आत आली. मी नळाला प्लास्टिकची नळी लावून तोंडानं उलटी हवा फुंकत होतो, डब्यात बुडबुडे येत होते. तिनं जरा वेळ पाहिलं. "काय केलंस नक्की?"

"नळ उघडला, तुंबला."

"एकदम पूर्ण उघडलास? चक्का टांगल्यावर फडकं पिळतोस का तू?"

मी काही बोललो नाही.

"पिळलं की फडक्याच्या भोकात दही जाऊन बसतं. मग पाणी आत आणि आपण बाहेर. रात्रभर आपलं आपण गळू द्यायचं असतं. तुला हे मी सांगायला हवंय?"

तेच झालं होतं. जाळीनं फक्त मोठी सालं अडवायची असतात. खरं गाळण त्या सालांच्या थराचं. नळ भसकन उघडला की खालून ओढ बसते, थर दाबला जातो, पीठ सालांच्या फटींत जाऊन घट्ट बसतं. माझी वीण चपटी झाली ते एक, पण आधी थर मीच लिंपून टाकला होता.

पुढचं भराभर. सगळा लगदा पातेल्यांत काढला, विणीत स्टीलच्या तारेची स्प्रिंग करून घातली, परत भरलं, अर्धा तास थांबलो, नळ अगदी थोडा उघडला. पहिले तीन जग गढूळ आले ते अलगद वरून परत ओतले, मग स्वच्छ आलं. धुण्याच्या दोन्ही खेपा रडतखडत पार. २४ लिटर जमायला दुपारचे पावणेचार वाजले. हायड्रोमीटर (पाण्याच्या मानानं किती घट्ट ते दाखवतो, साखर जास्त तितका आकडा वर) २० अंशांवर १.०३५. निदान १.०४१ यायला हवं होतं.

उकळायला ३० लिटरचा चहाचा अर्न वापरतो. (मंडळाचा नाही, माझा स्वतःचा. मंडळाचा मागायची छाती नव्हती.) उकळी फुटताना वर तपकिरी फेस दाटून आला आणि मी एकदम गुऱ्हाळावर पोचलो. काहिलीत रस चढतो तेव्हा गुळव्या झाऱ्यानं मळी काढत असतो, आणि आम्ही पोरं चुलवाणाच्या धगीपासून लांब, हातात उसाची कांडकी घेऊन. उतू जायला लागलं तर अर्नचं बटण बंद. चुलवाणाला बटण नव्हतं.

मग हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं. कडवटपणाला ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे ४० ग्रॅम, एक तासासाठी. शेवटच्या पंधरा मिनिटांना फगल्स जातीचे २० ग्रॅम आणि चमचाभर आयरिश मॉस. हे समुद्री शेवाळ, बिअर नितळ करायला. गुळाला आमच्याकडं भेंडीच्या झाडाचं पाणी घालतात, तेही याच कामाला. दोन्हीत चिकटाई, गाळ धरून आणणारी. आयर्लंडच्या खडकावरचं शेवाळ आणि करवीर तालुक्यातली भेंडी एकाच कामाला लागलेली पाहून मजा वाटली.

रात्री नऊला यीस्ट टाकलं. २० लिटर, १.०४२. आवरायला साडेदहा.

९ फेब्रुवारी, रविवार

चोथा. आठेक किलो ओला. थोडा आजोबांच्या कोंबड्यांना, थोडा कंपोस्टमध्ये. दोन वाट्या ओव्हनमध्ये वाळवून मिक्सरमधून काढल्या आणि भाजणीत मिसळून थालीपीठ लावलं. एकास चार प्रमाण. खमंग झालं, पण टोकदार सालं हिरडीत टोचतात. पुढच्या वेळी चाळून घ्यायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, हे गवत आहे." साफ चूक नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रात्री नुसत्या पाण्यानं मोजलं. नळ बंद पडल्यावर डब्याच्या तळाशी १.६ लिटर उरतं. म्हणजे दर खेपेला इतकी साखर मागं राहते. उताऱ्याचा हिशोब: या माल्टमधून जास्तीत जास्त जेवढं निघू शकतं त्याच्या ६२ टक्के मिळालं. पहिल्या खेपेला ठीक, पण विणीला निरोप द्यायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

तांब्याची जाळी. १५ मिमी पाइप, तीन समांतर दांड्या प्रत्येकी ३० सेंटिमीटर, टोकांना एल्बो आणि टी. दांड्यांमधलं अंतर ८ सेंटिमीटर, कडेच्या दांड्या भिंतीपासून ४वर. हे महत्त्वाचं आहे. दांडी भिंतीला चिकटून ठेवली तर धुण्याचं पाणी भिंतीच्या कडेनं सरळ खाली उतरतं, मधला चोथा तसाच गोड राहतो. शेतात पाटाचं पाणी बांधाच्या कडेनं निघून जावं आणि वाफा कोरडा राहावा, तसं.

हॅकसॉनं दर सेंटिमीटरला एक खाच, पाइपच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खोल. एका दांडीला २९, तीन मिळून ८७. चाळीसाव्या खाचेला पातं तुटलं, साठाव्याला मी. उरलेल्या सत्तावीस जेवणानंतर. प्रत्येक खाचेतला बूर सुईकानशीनं काढला, कारण आत लोंबणारा तांब्याचा धागा बिअरमध्ये आला तर तो शोधणार कोण?

खाचांची तोंडं खाली. वर ठेवली तर दाणा थेट आत पडतो. सांधे डाखले नाहीत, नुसते दाबून बसवले. सांध्यातून थोडं झिरपलं तरी डब्याच्या आतच झिरपणार, आणि दरवेळी सगळं सुटं करून ब्रशनं घासता येतं.

पाणी भरून पाहिलं. जाळी तळाला टेकलेली, नळ दोन सेंटिमीटर वर, तरी बाहेरची नळी भरलेली असेल तर पाणी सायफननं खेचलं जातं. तळाशी उरलं फक्त ०.६ लिटर. आजोबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून खाचा तपासल्या आणि म्हणाले, तेराव्या आणि चौदाव्यात अंतर कमी आहे. टूलमेकर तो टूलमेकरच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज पाण्याचा विचार. आमच्या नळाला येणारं पाणी वेल्समधल्या एलान खोऱ्यातलं. तिथली धरणं १९०४ला सुरू झाली आणि तेव्हापासून ११७ किलोमीटरच्या जलवाहिनीतून पाणी निव्वळ उतारानं इथल्या फ्रँकलीच्या जलाशयापर्यंत येतं, पंपाशिवाय. दीड दिवस लागतो. दोन टोकांच्या उंचीत फरक किती, तर ५२ मीटर. पाइपलाइनवाल्या माणसानं टोपी काढावी असं काम.

पण पाणी फार मऊ. चहाला उत्तम, साबणाला फेस भरपूर, मॅशला मात्र उणं. कॅल्शियम नसलं की फिक्या माल्टच्या मॅशचा आंबटपणा पुरेसा येत नाही, पीएच ५.८च्या आसपास राहतो, हवा ५.४ ते ५.५. उलट इथून तासाभरावरचं बर्टन, तिथल्या विहिरींना जिप्समच्या, म्हणजे कॅल्शियमच्या क्षाराच्या, थरातलं जड पाणी. त्या पाण्यावर बर्टनची फिकी, कडवट बिअर नावाजली. १८२०च्या दशकात तिथल्या ऑलसॉप ब्रुअरीनं हिंदुस्थानासाठी बिअर करायला घेतली आणि नंतर बर्टनची पिंपं जहाजांतून कलकत्त्याला, मुंबईला जात राहिली. मुंबई बंदरात उतरलेल्या त्या पिंपांमागं जिप्समचं पाणी होतं. मी त्याच मुलखातून इथं येऊन आता चमच्यानं जिप्सम मोजतोय.

२९ लिटरला जिप्सम ६ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ३ ग्रॅम. शिवाय क्लोरीन घालवायला कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून. क्लोरीन राहिलं तर बिअरला दवाखान्याचा वास येतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिली बिअर बाटल्यांत भरली. १.०११वर थांबलीय, म्हणजे साधारण ४.१ टक्के. ३८ बाटल्या. एक बोळात फुटली.

१ मार्च, शनिवार

दुसरी बिअर. माल, हॉप्स सगळं तेच, म्हणजे तुलना करता येईल. फक्त पाणी सुधारलेलं, जाळी नवी, आणि दुकानदाराला भरड थोडी बारीक करायला सांगितली. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या. उतारा वाढला तर कशामुळं ते कळणार नाही. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मीच ओरडलो असतो.

मॅश ६६.१. पीएच पट्टीवर ५.४ आणि ५.६च्या मधला रंग. खिडकीशी नेला, दिव्याखाली नेला, ठरेना. ५.५ लिहिला.

तासानं नळ. या वेळी नळाची दांडी इतकीच हलवली की धार काडेपेटीतल्या काडीएवढी. जगमध्ये पहिलं पाणी ताकासारखं आलं, ते पळीवरून अलगद परत वर. दुसरा जग कमी गढूळ. तिसऱ्यात सालाचे दोन-चार तुकडे. चौथा जग उजेडात धरला आणि पलीकडच्या टाइल्सच्या रेघा दिसल्या. थर बसला. मग दर पाच मिनिटांनी दांडी अगदी थोडी पुढं.

वरून बघत बसलो. पाण्याची पातळी सगळीकडं सारखी उतरत जाते, मग पृष्ठभागावर आधी सालांची टोकं दिसतात, मग सगळा थर उघडा पडतो, ओल्या वाळूसारखा सपाट. कडेला भेग नाही, मधे खड्डा नाही. दिसला असता तर पाणी तिथूनच चोरवाट काढतंय असं समजायचं.

धुण्याचं पाणी ७६चं, दोन खेपा, प्रत्येक खेपेला ढवळून पंधरा मिनिटं थांबून. कुठंही तुंबलं नाही. पूर्ण काढायला एक तास वीस मिनिटं. बायको मधे येऊन पाहून गेली. काही बोलली नाही, पण जाताना दांडीकडं नजर टाकली.

उकळण्याआधी २४ लिटर, १.०४१. उतारा ७३ टक्के. उकळून २० लिटर, १.०४९. संध्याकाळी पाच वाजता स्वयंपाकघर तिच्या ताब्यात परत.

१६ मार्च, रविवार

दुसरी बाटल्यांत. १.०१२, पावणेपाचच्या वर थोडी. ३९ बाटल्या. पहिलीची एक उघडली. पातळ आहे, जिभेच्या मागच्या बाजूला जरा तुरट. तो तुरटपणा कदाचित मीच पळीनं खरवडल्याचा. पण माल्ट लागतो. भाजलेलं डाळं, तेच. अर्कावरच्या बिअरमध्ये तो कधी लागला नव्हता.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. कूल बॉक्स आणलेला नाही हे दुपारी चारला आठवलं. गावातली तीन दुकानं फिरलो. मार्चमध्ये इथं कूल बॉक्स कोण ठेवतो? चौथ्या ठिकाणी मिळाला, ३२ लिटरचा, लाल. घरी येऊन झाकणावर टिचकी मारली. हाही पोकळ.

चक्का मी टांगला. पिळला नाही.

३० मार्च, रविवार

कार्यक्रमाला श्रीखंड लाल डब्यातून गेलं. दहा किलोला थोडं कमी, सगळं संपलं. संध्याकाळी आजोबांना वाटीभर दिलं आणि दुसऱ्या बॅचची बाटली उघडली, दोनच आठवड्यांची. अजून कोवळी आहे, बुडबुडा मोठा, फेस लवकर बसतो. पण नितळ. ग्लासच्या मागं त्यांच्या कुंपणाच्या फळ्या मोजता येत होत्या. आजोबांनी अर्धा ग्लास प्यायला, मग श्रीखंडाचा चमचा, मग परत ग्लास. "हे दोन्ही एकत्र खाऊ नये," म्हणाले, आणि दोन्ही संपवलं.

पुढची बॅच १२ एप्रिलला. त्याआधी एकच काम: व्हॉल्वच्या दांडीपाशी गळती, दहा मिनिटांना एक थेंब. पॅकिंगचा नट पाव फेरा आवळायचा. भरडीत या वेळी काही बदलायचं नाही.